लुळा हात कोणाचा?

साथीच्या दुसऱ्या वर्षी नववीचा विज्ञानाचा तास बाईंच्या जेवणाच्या टेबलावर भरत असे. कॅमेरा नाकपुड्यांऐवजी चेहऱ्यावर यावा म्हणून लॅपटॉपखाली तीन जाडजूड शब्दकोश ठेवलेले. मागे फ्रीज, फ्रीजशेजारी खुर्ची, आणि त्या खुर्चीत बाईंची आई. तास चालू असताना तिथे बसू नकोस, असं बाईंनी तिला शंभरदा सांगून झालं होतं. आईचं म्हणणं, तिथे वायफाय चांगलं येतं. आईकडे वायफायवर चालणारी एकही वस्तू नव्हती.

मुलांना मात्र आजी फार आवडायच्या. बाई पेशीची रचना समजावून सांगत असताना मागे आजी मटार सोलत असत, आणि मधूनच एखादा दाणा टेबलाखाली गेला की पडद्यावरची एक्केचाळीस डोकी एकदम खाली झुकत. "डावीकडे आजी, पायापाशी," असं कुणीतरी सांगे. पेशी तिथेच राहायची.

आई शहात्तर वर्षांची होती आणि तिला दमा होता. समोरच्या इमारतीतून मागच्या महिन्यात दोनदा रुग्णवाहिका गेली आणि दोन्ही वेळा घरचे माणसाला न घेताच परत आले. तेव्हापासून आई रात्री खोकली की बाई अंथरुणात उठून बसत आणि खोकला थांबेपर्यंत श्वास रोखून धरत. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी साठीच्या पुढच्या लोकांना लस देणार होते. पुढची खेप कधी येईल हे आरोग्य केंद्रालाही माहीत नव्हतं. घरी येऊन टोचायची सोय अजून कुठेच सुरू झालेली नव्हती. आणि आई म्हणत होती, मी नाही जाणार.

बाईंनी महिनाभर सगळे उपाय करून पाहिले. तक्ते दाखवले, आलेख दाखवले, डॉक्टरांना फोन लावून दिला, एकदा रडून पाहिलं आणि एकदा अबोला धरला. अबोला आईनेच मोडला, तोही मीठ कुठे आहे हे विचारायला. बाकी प्रत्येक वेळी उत्तर एकच.

"त्या बाईचा हात लुळा पडला, तो काय उगाच?"

"कोण ती बाई?"

"आहे एक. उजवा हात. लस घेतली आणि संपलं."

ही बातमी आईला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून कळली होती. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, आईच्याच वयाच्या. दोघींमध्ये अंतर एका मजल्याचं, पण साथ आल्यापासून त्या रोज तासभर फोनवरच बोलत. दोघी किती काळजी घेतात, याचं बाईंना कौतुक होतं.

शेवटी बाईंनी वेगळीच शक्कल लढवली. वर्गात वादविवाद ठेवायचा. विषय: 'साठीच्या पुढच्या प्रत्येकाने लस घ्यावी.' मुलांना शोध घ्यायची सवय लागेल, पुरावा म्हणजे काय ते कळेल, असं त्यांनी मुख्याध्यापकांना लिहून पाठवलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि एकाच फोनमध्ये 'जपून' हा शब्द चारदा वापरला. यातलं खोटं काही नव्हतं. मात्र हा सगळा घाट एक्केचाळीस मुलांपेक्षा फ्रीजजवळच्या एका श्रोत्यासाठी घातलेला होता, हे बाईंनी कुणालाही सांगितलं नाही.

नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. "ज्याला जे वाटतं, त्याने त्याच्या उलट बाजूने बोलायचं. आणि दुसरं, प्रत्येक मुद्द्याची वंशावळ द्यायची."

"म्हणजे?"

"म्हणजे हे तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, त्या माणसाला कोणी. मुद्द्याचा बाप, आजोबा, पणजोबा. जिथे उगम आहे तिथपर्यंत जायचं. वंशावळ अर्धवट राहिली की मुद्दा बाद."

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'कशावरून' म्हणत. हे नाव तिला सातवीत पडलं. पृथ्वी गोल आहे, असं भूगोलाच्या सरांनी सांगितल्यावर तिने हात वर करून विचारलं होतं, 'कशावरून?' आणि सरांचा तो तास, पुढचा तास आणि मधली सुट्टी त्यातच गेली होती. तिचा स्वतःचा लसीवर पूर्ण विश्वास होता, म्हणून ती आपोआप विरोधी बाजूची प्रमुख झाली. बाजूने बोलणाऱ्यांचा प्रमुख होता 'म्यूट'. हुशार मुलगा, पण गेल्या वर्षभरात त्याची निम्मी हुशारी माईक बंद असताना खर्ची पडली होती.

"मला विरोधात मुद्दाच मिळत नाही, बाई," कशावरून कुरकुरली. "जे मिळतंय त्याला ना बाप आहे ना आजोबा. सगळे मुद्दे अनाथ आहेत."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी देते की मुद्दा. त्या बाईचा हात लुळा पडला. घे लिहून."

कशावरूनचा चेहरा पडद्यावर एकदम मोठा झाला. ती कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटली होती. "कशावरून, आजी?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं."

"त्यांचा नंबर द्या."

आणि बाईंनी अडवायच्या आत आईने नंबर देऊनही टाकला. मग बाईंना वाटलं, बरंच झालं. पोरगी चिवट आहे, ही अफवा कुठेतरी हवेत विरणार. उगम सापडणार नाही, मुद्दा बाद होईल आणि आईसमोर बाद होईल. त्या मनातल्या मनात इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी गृहपाठ दिला नाही.

आठवडाभर कशावरूनचे निरोप येत राहिले. काकूंना औषधवाल्याने सांगितलं होतं. औषधवाला म्हणजे खात्रीचा माणूस, असं काकूंचं मत. औषधवाल्याला त्याच्या आईने सांगितलं होतं. त्याच्या आईला हे पार्लरमध्ये कळलं होतं, भुवया कोरून घेताना. पार्लरवाली म्हणाली, आपल्याला नवऱ्याने सांगितलं. प्रत्येक पायरीला कशावरून फोन करी, आधी नमस्कार, मग वडील शेजारी बसले आहेत हे सांगणं, मग प्रश्न. गंमत म्हणजे मागे जावं तसा हात बरा होत होता. आईच्या बातमीत तो लुळा होता, औषधवाल्याच्या आईच्या बातमीत त्याला मुंग्या येत होत्या, पार्लरमध्ये तो नुसता जड झाला होता. आणि कशावरूनला वाटेत एक फाटाही सापडला होता. औषधवाल्याकडून बातमी पलीकडच्या गल्लीत गेली होती, आणि तिथे तो हात कोपरापासून कापावा लागला होता.

"बघ," बाई आईला म्हणाल्या. "अजून दोन माणसं मागे गेलं की हात ठणठणीत."

"जाऊ दे तिला तिथपर्यंत," आई म्हणाली. "मग बघू."

हे आईच्या तोंडून आलेलं पहिलं 'बघू' होतं. बाईंनी ते जपून ठेवलं.

शुक्रवारी अकरा वाजता वादविवाद सुरू झाला. आईने सकाळीच केस विंचरून घेतले होते आणि खुर्ची फ्रीजपासून हातभर पुढे ओढली होती. आधी म्यूट बोलला. तो अतिशय तळमळीने, हातवारे करून, पूर्ण तीन मिनिटं बोलला, आणि त्यातला एकही शब्द कुणाला ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा तो बोलला तेव्हा तळमळ संपलेली होती, पण मुद्दे चांगले होते. कुठल्या चाचण्या झाल्या, किती लोकांवर झाल्या, कोणाला काय त्रास झाला, किती दिवस टिकला; प्रत्येकाची वंशावळ त्याने चोख दिली. आईने दोनदा मान हलवली. बाईंचं काळीज सुपाएवढं झालं.

मग कशावरून उभी राहिली. घरात, पलंगासमोर, पण उभी राहिली.

"मान्यवर परीक्षक आणि आजी," तिने सुरुवात केली. "माझ्याकडे एकच मुद्दा आहे. एका बाईंनी लस घेतली आणि त्यांचा उजवा हात निकामी झाला. याची वंशावळ मी सांगते. आजींना काकूंनी सांगितलं. काकूंना औषधवाल्यांनी. त्यांना त्यांच्या आईने. त्यांना पार्लरवाल्या बाईंनी. पार्लरवाल्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने, ते पंक्चर काढतात. त्यांना एका टेम्पोवाल्यांनी, चाक बदलताना."

टेम्पोवाला म्हटल्यावर बाईंना उगाचच थोडं उकडल्यासारखं झालं. त्यांनी पंखा वाढवला.

"टेम्पोवाले काका परवा सापडले. ते म्हणाले, दोन महिन्यांपूर्वी ते एका घरचं सामान हलवत होते. तिथल्या बाई एकट्याच खोकी भरत होत्या आणि चिडल्या होत्या. काकांनी विचारलं, मदतीला कोणी नाही का? तर त्या म्हणाल्या, माझी जाऊ येणार होती, पण तिने लस घेतली आणि तिचा उजवा हातच उचलत नाहीये."

बाईंचा हात पंख्याच्या बटणावरच राहिला.

कारण ते घर त्यांना माहीत होतं. त्यातलं कपाट माहीत होतं, सागवानी, तीन दारांचं. ते रिकामं करून त्यातली काचेची भांडी एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायची होती. नवरा दुसऱ्या गावी नोकरीवर अडकलेला, तेव्हा दिराच्या घराची हलवाहलव म्हटल्यावर जाऊबाईंनी हक्काने बोलावणं धाडलं. बाई आदल्या दिवशी शिक्षकांच्या शिबिरात लस घेऊन आल्या होत्या. डावा दंड जरासा दुखत होता, अंगात कणकण होती, ती संध्याकाळपर्यंत गेलीही. पण रविवार होता, आणि जाऊबाईंची भांडी होती, आणि प्रत्येक भांड्यासोबत ते कोणी, कधी आणि कशासाठी दिलं याची गोष्ट असायची. बाईंनी फोन उचलला आणि आवाज खोल काढून सांगितलं, 'जाऊबाई, हातच उचलत नाही हो.' 'कुठला?' असं पलीकडून आलं. आता भांडी गुंडाळायला लागतो उजवा. तेव्हा बाईंनी उजवा सांगितला. मग दिवसभर त्यांनी त्याच हाताने पुस्तक धरून लोळत वाचन केलं.

"मी त्या बाईंना फोन केला," कशावरून सांगत होती. "त्या म्हणाल्या, हो, ही खरी गोष्ट आहे. त्यांची जाऊ शिकलेली आहे, शाळेत विज्ञान शिकवते, ती कशाला खोटं बोलेल? नाव सांगायला त्यांनी नकार दिला, घरची गोष्ट आहे म्हणून. आणि म्हणाल्या, पुढे काही कळलं तर मलाही सांग बाळा, मला त्या हाताची फार काळजी वाटते."

कशावरूनने कागद उलटला.

"म्हणजे माझी वंशावळ एका विज्ञानाच्या शिक्षिकेपर्यंत जाते. एक गोष्ट मात्र जुळत नाही. लस डाव्या दंडात देतात आणि बिघडला उजवा. पण त्या बाई डावखुऱ्या असतील तर जुळतंही. म्हणून परीक्षकांनी ठरवावं, मुद्दा बाद की ग्राह्य?"

मागे आईने खुर्चीत पाठ टेकवली. "मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "विज्ञानाची बाई म्हणजे झालंच की."

बाईंनी घाईने विचार केला. नाव कुणालाच माहीत नव्हतं. मुद्दा अपुरा म्हणून बाद करता आला असता. मुलांनी ऐकलंही असतं. पण आईने ऐकलं नसतं. आई आता जन्मभर म्हणत राहिली असती, एका विज्ञानाच्या बाईचा हात गेला. उद्या शनिवार होता.

"ग्राह्य नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"कारण ती जाऊ मीच आहे."

एक्केचाळीस चौकोनांमध्ये एक्केचाळीस तोंडं उघडी राहिली. म्यूट काहीतरी मोठ्याने ओरडला, ते नेहमीप्रमाणे ऐकू आलं नाही.

बाईंनी सगळं सांगितलं. कपाट, भांडी, रविवार, पुस्तक. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते आणि ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होतं. "डावा दंड दुखला, तो एक दिवस. उजव्याला काही झालं नाही. मला भांडी गुंडाळायची नव्हती. या अफवेची खापरपणजी मी आहे."

कशावरूनने पेन उचलून वंशावळीत शेवटचं नाव लिहिलं, अगदी नीट, आणि खाली रेघ मारली. बाईंना वाटलं, चला, नाक कापलं गेलं पण काम झालं. त्या मागे वळल्या. आईचा चेहरा काही काम झाल्यासारखा दिसत नव्हता.

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"हो."

"जावेशी. भांड्यांपायी."

"हो, आई."

"मग लस चांगली आहे म्हणतेस, ते खरं कशावरून?"

वर्गातून कुणीतरी "ओहोहो" केलं आणि लगेच गप्प झालं. तक्ते होते, आलेख होते, म्यूटची वंशावळ होती, पण ते सगळं देणारा माणूस आता सिद्ध झालेला लबाड होता. त्यांना रडू आलं आणि या वेळी ते उपाय म्हणून नव्हतं.

"मला माहीत नाही कशावरून," त्या म्हणाल्या. वर्ग चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. "तू खोकलीस की मी उठून बसते. समोरून रुग्णवाहिका गेली की मी आधी तुझ्या खोलीत येऊन बघते. तुला काही झालं तर मी काय करू? मला भीती वाटते गं आई. एवढं तरी खरं धर."

आईने मांडीवरच्या मटारच्या शेंगा इकडच्या तिकडे केल्या. मग पडद्यातून कशावरूनचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"आजी, हात तर बरा निघाला. मग उद्या तुम्ही जाल?"

"नाही."

आता कशावरून तिचा नेहमीचा शब्द बोलणार, म्हणून सगळे वाट बघत होते. पण बहुधा जन्मात पहिल्यांदाच तिने नुसतं विचारलं, "का?"

हे आईला कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनीही नाही. आईने काही म्हटलं की बाई ते खोडून काढत, दुसरं काही म्हटलं की दुसरं खोडत. महिनाभर त्या एका हाताशी झुंजत राहिल्या.

"जिना," आई शेवटी म्हणाली.

"काय?"

"तीन मजले आहेत. चोपन्न पायऱ्या. माझे गुडघे उतरताना वळत नाहीत. साथ यायच्या आधीपासून वळत नाहीत. मग सगळेच घरात बसले, तेव्हा कुणाला कळलं नाही. बरं झालं मला." तिने एक शेंग उगाचच मोडली. "मागे एकदा तू शाळेत गेली होतीस तेव्हा उतरून बघितलं. बसून उतरावं लागतं. लहान मुलासारखं, एकेक पायरी, बुडावर. निम्म्यातून परत आले. लोक बघतील. जन्मभर या इमारतीत ताठ चालले मी."

"अगं, मग खुर्चीत बसवून नेऊ. दोन माणसं बोलावते."

"म्हणजे आणखीच वरात. मेल्यावर न्या तसं."

बाईंना हसू की रडू तेच कळेना. पंधरा महिने आई खाली उतरली नव्हती. काळजी घेते, असं त्या सगळ्यांना अभिमानाने सांगत आल्या होत्या. स्वतःच्याच घरात, फ्रीजपासून हातभर अंतरावर, हे त्यांना दिसलं नव्हतं, आणि मुलांना मात्र त्या वंशावळी शोधायला शिकवत होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कुणी बघणार नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची दारं बंद असतील. मी बघते ते."

"आणि जावेला फोन करायचा. खरं सांगायचं."

"तो करायलाच हवा?"

"आजी बरोबर बोलतायत," कशावरून म्हणाली. "मी त्यांना कळवते म्हटलंय. तुम्ही नाही केलात तर मी करीन."

वादविवादाचा निकाल त्या गडबडीत राहूनच गेला. म्यूटने लिहून पाठवलं की विरोधी बाजूने स्वतःचाच मुद्दा पाडला, तेव्हा जिंकलो आम्ही. कशावरूनने उलट लिहिलं, मग पाडला कोणी?

जाऊबाईंचा फोन अर्धा तास चालला. त्यात बाई बोलल्या पहिलं मिनिट. शेवटी असं ठरलं की कपाट अजून लावायचं बाकी आहे, आणि पुढच्या रविवारी बाई दोन्ही हात घेऊन येतील.

संध्याकाळी त्या प्रत्येक दारावर गेल्या. मास्क लावून, चार पावलं मागे उभं राहून त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं. आईला उद्या खाली न्यायचंय, तिला बसून उतरावं लागतं, कुणी बघितलेलं तिला चालणार नाही, तर नऊ ते साडेनऊ दार लावून ठेवाल का? बाकी सगळे हो म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नुसत्या बघत राहिल्या आणि त्यांनी काही न बोलता दार लावून घेतलं. हाताच्या बातमीवरून आपण त्यांना तोंडघशी पाडलं, म्हणून रागावल्या असतील, असं बाईंना वाटलं.

शनिवारी नऊला आई दारातून बाहेर आली. नीट इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, नाकावर मास्क, हातात ओळखपत्राची पिशवी. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, कठडा धरला आणि हळूहळू खाली बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या.

"तू कशाला? तुझे गुडघे चांगले आहेत."

"असू देत. सरक."

एक पायरी उतरायला आधी हात टेकायचे, मग पाय खाली सोडायचे, मग बाकीचं. सहाव्या पायरीला बाईंची पँट एका खिळ्याला अडकली आणि टर्रकन आवाज झाला. आई थांबली. तिचे खांदे हलायला लागले. दम लागला की काय म्हणून बाईंनी घाबरून तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती.

"विज्ञानाच्या बाई," ती म्हणाली. "मागून फाटल्या."

"हळू. लोक ऐकतील."

दारं सगळी बंद होती. एकदोन दारांच्या भोकामागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण ते आईला दिसणार नाही अशा बाजूने बाई बसल्या होत्या. अठरा पायऱ्या झाल्या. दुसऱ्या मजल्याच्या सपाटीवर आईने पाय पसरले आणि दम घेतला. छाती बारीक वाजत होती. बाईंनी तिची पाठ चोळली.

तेवढ्यात काकूंचं दार उघडलं.

आईने झटकन पाय आखडून घेतले. "दार लावून ठेवायचं ठरलं होतं," ती ताठ आवाजात म्हणाली. जमिनीवर बसून जितका ताठ आवाज काढता येतो तितका.

काकू दारातच उभ्या होत्या. पायात चपला, तोंडाला मास्क, खांद्याला पर्स. एक हात चौकटीवर घट्ट.

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "कालपासून विचार करत होते, उघडू की नको." त्यांनी पर्स खांद्यावर वर ओढली. "त्या हाताची गोष्ट मी सगळ्यांना सांगत होते. माझ्या सुनेलाही. फार उपयोगी पडली ती गोष्ट मला."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर चौकटीवरच्या हातावरून खाली घसरत गेली.

"गुडघे?"

"दोन्ही."

"कधीपासून?"

"तुमच्याइतकेच झाले असतील महिने."

"एका मजल्याच्या अंतरावर राहून," आई म्हणाली, "रोज तासभर आपण परक्या बाईच्या हाताचं बोलत बसलो."

तिने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीच्या बाजूला सरकली. बाई उठून दोन पायऱ्या खाली गेल्या, म्हणजे कुणाचा तोल गेला तर धरता येईल. काकूंनी कठडा पकडला, डोळे मिटले आणि बसायला सुरुवात केली. बसताना त्या एकदा "आई गं" म्हणाल्या.

"पहिली पायरी वाईट आहे," आईने त्यांना सांगितलं. "पुढे सवय होते. पर्स माझ्याकडे द्या."